सावड नावाची फाईल

मला आभार मानता येत न्हाईत. भांडता येतं, ते आईच्या पोटातूनच शिकून आले. निलंग्याला आमच्या गल्लीत अजून म्हणतात, रूपालीला हाक मारायची तर चार हात लांबून मारा. पण एका माणसाचे आभार राहिलेत. तोंडानं मानायला गेले अन् नीट जमलं न्हाई, म्हणून हे सगळं सांगून राहिले. ऐकताना मधी मधी माझा राग येईल. येऊ द्या, मलाबी आला होता.

लातूरला गंजगोलाईच्या मागं, एका कापड दुकानाच्या माडीवर दोन खोल्या हायेत. तिथं आमचा ब्रेलचा छापखाना. छापखाना म्हणलं की लोकायला लई मोठं काईतरी वाटतं. तसं काई न्हाई. एक जुना संगणक, जाड कागदावर ठिपके उठवणारी एक मशीन, पुस्तकं शिवायला नरसिंगमामा, अन् मी. कागदोपत्री मी व्यवस्थापक, पण झाडू सापडत नसला तर तोबी मीच शोधते. मशीन चालू झाली की असा कालवा करते की खालचा कापडवाला गिऱ्हाईकाशी बोलायचा थांबतो. नरसिंगमामा तिला माझी धाकटी बहीण म्हणतात.

या बहिणीची एक खोड सांगून ठेवते. तिच्या एका ओळीत चाळीस घरं. एका घरात एक अक्षर, असं समजा. चाळीसच्या पुढं काई आलं तर ती थांबत न्हाई, सांगत न्हाई, उरलेलं गुपचूप सोडून देते. म्हणून मजकूर आधी चाळीस-चाळीस घरांच्या ओळीत कापून द्यावा लागतो, अन् तोबी शब्द मधी न तोडता. हे काम संगणकातली एक बारकी आज्ञा करते. तिचं नाव फोल्ड. काळ्या पडद्यावर नाव लिहायचं, की ती सगळ्या मजकुराच्या घड्या घालून देते. अशा बारक्या आज्ञा संगणकात शेकड्यानं असतात. पानांचे आकडे ओळीनं मोजून देणारं सेक, तेबी त्यातलंच.

आता आनंदराज. मुरुडचा. जन्मापासून दिसत न्हाई त्याला. ठिपक्यांचं प्रूफ बोटानं वाचणारा माणूस लागतो, म्हणून छापखाना चालवणाऱ्या संस्थेला सांगून मीच त्याला घेतलं. तो यायच्या आदल्या दिवशी मी मोठ्या हौसेनं आमच्या माणसांची यादी ब्रेलमधी छापून दारावर लावली, येणाऱ्याला हात लावून कळावं इथं कोण कोण हाय. अन् हा बाबा पहिल्याच दिवशी साडेदहाचा साडेबाराला उगवला. मी दारातच धरला. "आनंदराज, ही काय वेळ हाय? मुरुड काय दिल्लीला हाय का?" त्यानं मान खाली घातली. "चुकलं, ताई." बाकी एक अक्षर न्हाई. मी मनात पक्कं केलं, हा उशिरा येणारा गडी.

नंतर चार वर्षात एक दिवस उशीर केला न्हाई त्यानं. ते मी कवा मोजलंच न्हाई.

कानात बोलणारा संगणक लावून तो बघता बघता माझ्यापुढं गेला. तवाचा आमचा संगणक लई दळभद्री होता, त्यात फोल्ड नव्हतंच. मी कुठून तरी उतरवून घेतलेल्या हुकुमांवर कसंबसं भागवत होते. आनंदराजनं एक फाईल लिहिली. संगणकात जी आज्ञा सापडत न्हाई, तिचं काम तिच्याच नावानं करणारी. फाईलला नाव दिलं सावड.

सावड आमच्याकडं सगळ्यांना ठावं. तुमच्या घरी एक बैल, शेजाऱ्याच्या घरी एक बैल. एका बैलानं पेरणी होत न्हाई. मग दोघं मिळून जोडी करायची, आज तुमचं वावर, उद्या त्याचं. मी हसले होते तवा. "संगणकाला कसली रे सावड?" म्हणला, "ताई, ज्याचं जे नसंल ते शेजाऱ्यानं आणायचं. संगणक काय अन् माणूस काय."

पुढं दुसरा संगणक आला. त्यात फोल्ड होतं, सेक होतं, सगळं घरचं होतं. सावड नुसती पडून राहिली. आनंदराजला नांदेडला नोकरी लागली. जाताना म्हणला, "ताई, काईबी करा, सावडला हात लावू नका." झालं! ते 'हात लावू नका' माझ्या डोक्यात जाऊन बसलं. मी त्याच्यापेक्षा सोळा वर्षांनी मोठी, अन् हा मला शिकवणार?

गेल्या जानेवारीत संगणक रेंगाळायला लागला. मी मोबाईलवर बघून बघून त्यात एक हलकी शिष्टीम टाकली. जुनं पुसताना सावड दिसली. उघडून बघितली. तीन वर्षात एकदा म्हणून कामाला आली नव्हती. "बसून खाणारी फाईल," मी नरसिंगमामाला म्हणले, अन् काढून टाकली. मामा नुसते म्हणले, "विचारायचं होतं त्याला." मी त्यांच्यावरबी ओरडले.

तिसऱ्या दिवशी, पंचवीस जानेवारीला, सकाळी दहाच्या सुमारास दोन बाया जिना चढून वर आल्या. पुढची चाळिशीची, एक हात भिंतीला, दुसरा मागच्या म्हातारीच्या खांद्यावर. बसायच्या आधी तिनं दारावरची यादी बोटानं वाचली. मग म्हणली, "रूपालीताई तुम्हीच का? मी तारामती. टाकळदऱ्याची सरपंच."

टाकळदरा कंधारच्या पलीकडं. पहाटेच्या यष्टीनं निघाल्या होत्या. तारामतीबाईला दिसत न्हाई, अन् बोलणं असं की समोरच्याला आवाज खाली घ्यावा लागतो. मलाबी घ्यावा लागला, मामा साक्षीला हायेत.

तिनं पिशवीतून कागद काढला. घरकुलाची यादी. त्रेसष्ट नावं. "उद्या सव्वीस जानेवारीची ग्रामसभा हाय. सभेत जे नाव वाचलं जाईल तेच ठरावात जाईल. ही यादी मला माझ्या बोटानं वाचायची हाय. पाचच्या यष्टीनं आम्हाला परत जायचं."

"दुसरं कोणी वाचंल की," मी म्हणले.

तिनं म्हातारीचा हात पुढं केला. "ही भामामावशी. रोजानं जाते. पत्र्याच्या खोपीत राहते. दोन वर्षं हिचं नाव कागदावर असतं, अन् वाचताना गळतं. विचारलं की म्हणतात, वाचलं की, म्हातारे, तुला ऐकू आलं न्हाई. म्हणून आता शेवटी जोडून घेतलंय, त्रेसष्टावं. उद्याबी गळलं तर पुढली यादी कवा निघंल देव जाणे. अन् ही काय अजून वीस वर्षं वाट बघणार हाय का?"

"हाव," म्हातारी म्हणली. दातच नव्हते, म्हणून ते हसणं होतं का काय कळलं न्हाई.

"मग पाठ करा ना. त्रेसष्ट तर नावं."

"पाठ केलं की म्हणतील, कोणी तरी पढवून पाठवली. मोबाईलकडून वाचून घेतलं की म्हणतील, आमची सरपंच मोबाईल हाय. आत्ताच म्हणून राहिलेत, आंधळी बाई, जे वाचून दाखवतील त्यावर सही ठोकते. ताई, एकदा कागदावर बोट ठेवून सगळ्या गावासमोर वाचलं ना, की माझ्या सहीला किंमत येईल. न्हाईतर पाच वर्षं मी नुसती खुर्चीवर बसवलेली."

आता मला सांगा, याच्यावर कोण न्हाई म्हणंल? मी बाह्या वर सारल्या. नाव, नवऱ्याचं न्हाईतर बापाचं नाव, आडनाव, घर कसलं, जागा कोणाची, असं सगळं टाईप करायला मला दीड तास लागला. साडेअकराला छापायचा हुकूम सोडला. मशीन गप. पडद्यावर एक ओळ आली: फोल्ड सापडलं न्हाई.

नव्या हलक्या शिष्टीममधी ते आलंच नव्हतं. भीतीच्या आधी राग आला, तो नेहमी आधीच येतो. "न्हाई तर न्हाई, गेलं खड्ड्यात," म्हणत मी हुकुमातून फोल्डच काढून टाकलं अन् परत सोडला. बहीण कडकड वाजायला लागली. बघा, म्हणलं, झालं की!

तारामतीबाईनं पहिलं पान मांडीवर घेतलं. बोट डावीकडून उजवीकडं गेलं, परत गेलं. कपाळाला आठी पडली. "ताई, ओळी अर्ध्याच हायेत. आडनावाच्या पुढचं कुठं गेलं?"

चाळीसच्या पुढचं सगळं माझ्या बहिणीनं गिळलं होतं.

मी फोल्ड आणायला बघितलं. ज्या जुन्या जातीचा आमचा संगणक, त्याच्यासाठी आज्ञा ठेवायची इंटरनेटवरची कोठारं कवाच बंद झालेली. दुसरा संगणक न्हाई. सावड मी माझ्या हातानं पुसलेली. मी डोकं धरून बसले. नरसिंगमामा पलीकडून सुईत दोरा ओवता ओवता म्हणले, "फोन लाव."

"कोणाला?"

"तुला ठावं हाय कोणाला."

लाज कशाला म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. शेहेचाळीस वर्षांची बाई, मोबाईल हातात घेऊन नंबर दाबंना. तारामतीबाई म्हणली, "ताई, मला रोज कोणाचा ना कोणाचा हात धरावा लागतो. काई होत न्हाई." तवा दाबला.

"आनंदराज, मी रूपालीताई."

"बोला ताई! बरं वाटलं. मामा कसे हायेत?"

मी सगळं एका दमात ओकले. यादी, म्हातारी, पाचची यष्टी. मग तो म्हणला, "ताई, सावड काढली का?"

"काढली."

 मला वाटलं, आता बोलंल. अन् बोलावंच, मी ऐकून घेईन. पण तो म्हणला, "मग लिहू परत. साहेबायला विचारून जिन्यात येऊन बसतो, पाच मिनिटं द्या. तोवर तुम्ही चहा घ्या, तुमचा आवाज बसलाय."

मला रडू आलं. चहा कापडवाल्यानं वर पाठवला, तो निम्मा मी साडीवर सांडला.

पाच मिनिटांनी फोन मधी ठेवला, आवाज मोठा केला, अन् आनंदराज सांगायला लागला. "लिहा ताई. कमांड, जागा, डॅश, व्ही, जागा, फोल्ड. म्हणजे दारात उभं राहून हाक मारायची, फोल्ड घरात हाय का?"

"अरे, न्हाई हे ठावं हाय की! त्याच्यासाठीच तर तुला फोन केलाय."

"आज न्हाई. उद्या तुम्ही दुसरा संगणक आणाल, त्यात असंल. खरं फोल्ड माझ्यापेक्षा लई हुशार हाय, ताई. ते घरात असताना माझी लुडबूड नको. शेजाऱ्याचा बैल कवापर्यंत आपल्या दावणीला? घरचा आला की सोडायचा. म्हणून आधी विचारायचं. असला तर आपण गप. नसला तरच उभं राहायचं."

तीन वर्षं ती फाईल बसून खात नव्हती. रोज दारात येऊन विचारत होती, काम हाय का, अन् न्हाई म्हणलं की मुकाट्यानं परत जात होती. मी एवढी मोठी बाई, मला ते दिसलं न्हाई.

"आता नाव तेच द्यायचं, फोल्ड. म्हणजे बाकीच्यांना कळतबी न्हाई की जागेवर दुसरं कोणी उभं हाय. पुढं लिहा. एक ओळ वाच. तिच्यातला एकेक शब्द उचल. हातातल्या ओळीत तो बसतो का ते मोज, चाळीस घरात. बसला तर जोड. न्हाई बसला तर हातातली ओळ छाप, अन् तो शब्द घेऊन नवी ओळ सुरू कर."

हे तुम्हाला सांगायला सोपं. लिहिताना एकेक टिंब, एकेक जागा. मी चालवून बघितलं की पडदा शिव्या द्यायचा. "चौकोनी कंसाच्या दोन्ही बाजूंनी जागा सोडली का, ताई? त्याला श्वास घ्यायला लागतो."

"कंसाला श्वास लागतो, अन् मला लागत न्हाई का रे?"

तो हसला. तारामतीबाई हसली. भामामावशीला काई कळलं नव्हतं, पण सगळे हसले म्हणून तीबी हसली. मग आनंदराज म्हणला, "आता ओळ वाचायच्या जागी एक जास्तीचं लिहा. वाचता वाचता फाईल संपली, तरी हातात काई उरलंय का, ते बघ. उरलं असंल तर तेबी घे." अन् खुणांची एक लांबलचक माळ सांगितली. दोन उभ्या रेघा, कंस, डॅश, अजून काय काय. एक वाजून गेला होता.  मला वाटलं, संपलं म्हणजे संपलं, आता आणखी काय उरायचं? हा आनंदराज पहिल्यापासूनच नको तितका काटेकोर. "लिहिलं," मी म्हणले. लिहिलं नव्हतं.

सेकबी नव्या शिष्टीममधी नव्हतं, त्याचं त्यानं दोन ओळीत उरकलं. त्याची वेळ संपली, तो कामावर परत गेला. जाताना म्हणला, "काई अडलं तर लावा. मी उचलतो."

अडीचला बहीण परत वाजायला लागली. या वेळी आडनावाच्या पुढचं खालच्या ओळीत, सुबक घडी घातल्यासारखं. मी टाळी वाजवली. मामांनी पानं जोडली. तारामतीबाई वाचायला बसली. ओठ हलत होते, मधीच एखाद्या नावाला मान हलवत होती, जणू तो माणूस समोर आलाय. शेवटच्या पानावर बोट थांबलं. ते खाली गेलं, कोऱ्या कागदावरून फिरलं. परत वर आलं, परत खाली गेलं.

"बासष्ट," ती म्हणली.

"न्हाई हो, त्रेसष्ट. मी स्वतः टाईप केलेत."

"भामामावशी न्हाई यात." अन् मग अगदी हळू, "इथंबी?"

त्या एका शब्दानं मला कोणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. गावातल्या लोकायनं दोनदा गाळलेलं नाव मी तिसऱ्यांदा गाळलं होतं. मुद्दाम न्हाई, खरंच न्हाई! पण म्हातारीला काय फरक पडतो, मुद्दाम का चुकून? ती पायरीशी बसून पदराच्या गाठीतला पानाचा तुकडा सोडत होती. तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिनं आमच्या तोंडाकडं बघितलं अन् गाठ परत बांधली.

फोन पहिल्याच घंटीला उचलला. मी काई बोलायच्या आधी तो म्हणला, "शेवटचं गेलं ना?"

"तुला कसं कळलं?"

"ताई, ती ओळ लिहिली का? तुम्हाला फालतू वाटली ती?"

मी खोटं बोलले न्हाई. "न्हाई लिहिली. तुला लिहिली म्हणून सांगितलं. चुकलं माझं, आनंदराज." हे वाक्य माझ्या तोंडातून कवा निघाल्याचं मामांना आठवत न्हाई.

तो ओरडला न्हाई. समजावून सांगितलं. शेवटच्या ओळीनंतर एंटर दाबलेला नसला की शेल, म्हणजे संगणकात आपले हुकूम पाळणारा गडी, ती ओळ वाचतो खरी, पण फाईल संपली म्हणून हातातलं तसंच टाकून उठतो. म्हणून त्याला विचारावं लागतं, बाबा, हातात काई उरलंय का? मी ती माळ लिहिली, एकेक मणी परत वाचून दाखवला. साडेतीनला नवी पानं निघाली. तारामतीबाईनं शेवटचं पान आधी घेतलं. बोट खाली गेलं, थांबलं, अन् तिनं भामामावशीचा हात ओढून त्या ठिपक्यांवर ठेवला.

"हे तू हायेस, मावशी."

म्हातारीनं दोनदा हात फिरवला. "लई खरबरीत हाय गं," म्हणली.

त्या पाचच्या यष्टीनं गेल्या. मी घरी गेले, पण जीव काई राहिना. सकाळी उठून पहिली यष्टी धरली, कंधारला उतरले, तिथून जीप. टाकळदऱ्याला पोचले तवा झेंडावंदन होऊन सभा भरली होती. शाळेसमोर सतरंज्या, दीडदोनशे माणूस. मी कडेला उभी राहिले अन् आनंदराजला फोन लावला. "सुट्टी हाय ना तुला? मग ऐक," म्हणून मोबाईल हात वर करून धरला.

उपसरपंच कागद घेऊन उठले होते. तारामतीबाईनं विचारलं, "ग्रामसेवक आलेत का?"

"न्हाई. त्यायला दुसऱ्या गावची सभा हाय. मी वाचतो ना यादी."

"ग्रामसेवक असते तर त्यांनीच वाचली असती. न्हाईत, तर मी वाचते. तुम्ही तुमचा कागद हातात धरा, अन् माझ्याबरोबर मिळवून बघा."

मागून कोणी तरी म्हणलं, "बघू द्या, बोटं काय म्हणतात!" हशा झाला. तिनं पान उघडलं. पहिलं नाव वाचलं, बापाच्या नावासकट, जागेसकट. गर्दीतून आवाज आला, "हाव." दुसरं. "हाव." दहाव्या नावापर्यंत हसणं बंद झालं होतं. विसाव्याला उपसरपंच स्वतःच्या कागदावर बोट ठेवून मागं मागं येत होते. माझा हात भरून आला, पण मी खाली घेतला न्हाई.

बासष्टावं झालं. तिनं एक श्वास घेतला.

"त्रेसष्ट. भामाबाई रामकिशन गजभारे. पत्र्याचं घर. जागा स्वतःची."

 मग बायांच्या मधून ती म्हातारी उभी राहिली, दोन्ही हात जोडून. "हाव," म्हणली. कोणाला ऐकू गेलं न्हाई असं वाटून परत म्हणली, "हाव, हाव!" अन् बाया टाळ्या वाजवायला लागल्या. मी भर सभेत रडले. लाजायचं काय त्यात?

मी शाळेच्या मागं गेले, फोन कानाला लावला. "ऐकलं का रे?"

"ऐकलं, ताई. तीन वेळा हाव म्हणली."

"आनंदराज, तू ती ओळ सांगितली नसती तर..." मी पदरानं डोळे पुसले. "लई उपकार झाले रे तुझे. मी तुझी फाईल काढली, तुला कायबाय बोलले चार वर्षं. अन् तू... पण तुला पहिल्या घंटीलाच कसं कळलं, की शेवटचंच नाव गेलं?"

 तो हसत म्हणला, "तुम्ही शेवटी एंटर दाबत न्हाईत, ताई. पहिल्या दिवसापासून."

"कोणत्या पहिल्या दिवसापासून?"

"माझ्या. तुम्ही दारावर यादी लावली होती ना, माणसांची? मी साडेदहाच्या आधीच आलो होतो. बोटानं वाचली. माझं नाव शेवटी असणार, नवा माणूस. ते नव्हतंच. मला वाटलं, घेतलं न्हाई वाटतं. दुसऱ्या कोणाला घेतलं. विचारायची हिंमत झाली न्हाई. गेलो परत बसस्टँडला. मुरुडची गाडी लागली होती, चढलोबी. मग वाटलं, आईला काय सांगू? एकदा विचारून तरी बघावं. उतरलो. म्हणून साडेबारा वाजले."

मी फोन दुसऱ्या कानाला घेतला.

"नंतर तुमचा हुकूम तपासला तवा कळलं, नाव तुम्ही लिहिलं होतं, मशीनपर्यंत गेलं नव्हतं. तवाच ती ओळ लिहिली, ताई. परत कोणी आपलं नाव न्हाई म्हणून गाडीत चढू नये."

चार वर्षं मी त्याला उशिरा येणारा म्हणत होते, अन् त्यानं एकदाबी सांगितलं न्हाई. मी तिथंच, फोनवर, मोठ्यानं म्हणले, "माफ कर रे बाबा." तो म्हणला, "अहो ताई, नोकरी तर तुम्हीच दिली. ते कुठं विसरतो मी?" 

दुसऱ्या दिवशी छापखान्यात गेले. सावडच्या डोक्यावर साध्या मराठीत लिहिलं: ही आनंदराजनं लिहिली. हिला हात लावायच्या आधी त्याला विचारा. मग दारावरची यादी नव्यानं टाईप करायला घेतली. रूपाली. नरसिंग. मामांनी विचारलं, "दोघांचीच तर हाय, नवी कशाला?" मी तिसरं नाव लिहिलं, आनंदराज. "तो इथं कुठं नोकरीला हाय आता?" मामा म्हणले. म्हणलं, नसू दे.

अन् शेवटी एंटर दाबला. मग खात्रीला आणखी एकदा दाबला.